‘दावं सुटलं न्हाई’ आणि ‘दावं सोडलं न्हाई’: पंचगंगाकाठच्या एका गावातील खुल्या गटमुलाखतींचे प्रकरण

करवीर तालुक्यात पंचगंगेच्या काठी वसलेल्या एका गावात 2022 च्या डिसेंबरपासून 2023 च्या फेब्रुवारीपर्यंत आम्ही महापुराच्या अनुभवाबद्दल 6 गटमुलाखती घेतल्या. त्यांपैकी चौथ्या आणि पाचव्या बैठकीत जे घडले, ते नीट नोंदवून ठेवावे एवढ्यासाठी हे प्रकरण लिहीत आहे. गावाचे आणि माणसांची नावे दिलेली नाहीत. ज्या बाईंची हकीकत या लेखनाच्या मध्यभागी आहे, त्यांना हा मजकूर वाचून दाखवला आहे आणि काही तपशील त्यांच्या सांगण्यावरून बदलले किंवा गाळले आहेत.

काम सुरू झाले ते गावातल्या तरुणांच्या एका साध्या प्रश्नावरून. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत गावाला आधी सूचना मिळाली होती, तरीही बरीच घरे पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नाहीत; असे का झाले? तरुणांनी प्रथम छापील प्रश्नावली घेऊन घरोघर चौकशी केली. सूचना मिळाली होती का, तर होय. मग बाहेर का पडला नाहीत, तर ‘इतकं पाणी येईल असं वाटलं नव्हतं.’ जवळजवळ प्रत्येक घराने हेच उत्तर दिले, आणि 2019 पुरते ते खरेही होते. तोपर्यंत गावाचे माप 2005 च्या पुराचे होते. भिंतीवरची ती खूण ओलांडून पाणी चढेल हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांना इशारा पातळी आणि 43 फुटांना धोका पातळी धरली जाते, आणि 2019 मध्ये पंचगंगा 55 फुटांच्याही वर गेली. मात्र 2021 मध्ये तेच उत्तर कसे टिकावे? दोनच वर्षांपूर्वी ज्यांनी ते पाणी अंगावर घेतले होते, त्यांना ‘वाटलं नव्हतं’ असे म्हणता येईल का? प्रश्नावलीत या शंकेला जागा नव्हती. तरुणांनी आम्हाला बोलावले ते इथे.

मी आणि माझी एक सहकारी अशा आम्ही दोघी होतो. ती शिरोळ तालुक्यातली, म्हणजे स्वतः पुराच्या पाण्यात राहिलेली. टिपणे घेणे आणि ध्वनिमुद्रण पाहणे हे तिचे काम. बोलते करण्याची जबाबदारी माझी होती. पुढे ज्या चुका सांगणार आहे, त्या माझ्या आहेत.

पंचनाम्याची भाषा

पहिली बैठक ग्रामपंचायतीच्या सभागृहात झाली. खुर्च्या अर्धगोलात मांडल्या होत्या, समोर टेबल, टेबलावर ध्वनिमुद्रक आणि पाण्याच्या बाटल्या. नऊ जण आले होते, त्यांत दोन स्त्रिया. मी प्रास्ताविक केले आणि ‘पुराचा तुमचा अनुभव तुमच्या शब्दांत सांगा’ अशी सुरुवात केली. प्रश्न पूर्णपणे खुला आहे, अशी माझी समजूत होती.

पहिल्या गृहस्थांनी सांगितले: दोन खोल्या पडल्या, दीड एकर ऊस कुजला, एक म्हैस, सहा पोती जोंधळा. दुसऱ्यांनी सांगितले: मागची भिंत, मोटार, केबल, कडब्याची गंजी. तिसऱ्यांनी खिशातून कागदाची घडी काढली आणि त्यावरून वाचू लागले. दीड तास बैठक चालली आणि आमच्या हाती नऊ घरांच्या नुकसानीच्या नऊ याद्या आल्या. यादीच्या शेवटी प्रत्येकाने मिळालेल्या आणि न मिळालेल्या मदतीचा हिशेब सांगितला. 2019 मध्ये ग्रामीण भागातील पूरग्रस्त कुटुंबांना 10 हजार रुपयांचे सानुग्रह अनुदान जाहीर झाले होते, त्यातले किती रोख आणि किती खात्यावर, कोणाचे नाव यादीतून कसे सुटले, हे सारे तारीखवार. लोक खोटे बोलत नव्हते आणि काही लपवतही नव्हते. पुरानंतर वही आणि पेन घेऊन जो जो माणूस त्यांच्या दारात आला होता, त्याने त्यांना हेच विचारले होते. मी खुर्चीत बसून, टेबलामागून, त्याच सुरात विचारले, म्हणून त्यांनी मला तेच दिले. विचारणारा कोण वाटतो, यावर प्रश्नाचा खुलेपणा किती अवलंबून असतो, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकताना माझ्या सहकारिणीच्या एक गोष्ट लक्षात आली. त्या दीड तासात ‘मी’ हा शब्द मोजक्याच वेळा आला होता. ‘आम्ही’ होते, ‘लोक’ होते, ‘माणूस काय करणार’ होते, आणि मराठीत ज्याच्या आड सहज उभे राहता येते ते ‘आपण’ होते: ‘आपण काय करणार, पाणीच तसं आलं.’ क्रियापदेही तशीच होती. भिंत पडली, ऊस गेला, म्हैस गेली. सगळे आपोआप घडलेले. करणारा कोणी नाही. पुढच्या बैठकांत आम्ही एवढेच पाहायचे ठरवले की सांगणारा माणूस ‘आपण’वरून ‘मी’वर कधी येतो, आणि ‘झालं’ हे ‘केलं’ कधी होते. एवढी साधी कसोटी पुढे किती कामी येईल, याची तेव्हा कल्पना नव्हती.

गटमुलाखतीची जी पद्धत आज सर्वत्र वापरली जाते, तिचा उगम 1941 मध्ये न्यूयॉर्कमध्ये झाला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन तेव्हा रेडिओच्या श्रोत्यांना गटात बसवून, ऐकलेल्या कार्यक्रमातला कोणता भाग आवडला आणि कोणता नाही, हे विचारत होते. पुढे बाजारपेठेच्या पाहणीने ती उचलली. या परंपरेचा भर मतावर आहे: तुम्हाला काय वाटते. आम्हाला मत नको होते, हकीकत हवी होती, आणि हकीकतीसाठी वेगळी शिस्त लागते. जर्मन समाजशास्त्रज्ञ फ्रिट्झ श्युत्झे यांनी 1970 च्या दशकात ती मांडली. सुरुवातीला एकच असा प्रश्न विचारायचा की ज्यातून गोष्ट सुरू व्हावी, आणि सांगणारा ‘झालं बघा, असं होतं सगळं’ असे स्वतःहून म्हणेपर्यंत मध्ये तोंड उघडायचे नाही. माणूस एकदा गोष्ट सांगू लागला की ऐकणाऱ्याला कळावी म्हणून त्याला तपशील द्यावे लागतात, सगळेच सांगता येत नाही म्हणून निवड करावी लागते, आणि सुरू केलेले शेवटाला न्यावे लागते. या तीन सक्तींमुळे तो ठरवले होते त्याहून अधिक सांगून जातो, असे त्यांचे म्हणणे. श्युत्झे यांची पद्धत एकट्या माणसाच्या मुलाखतीसाठी आहे. आम्ही ती गटात आणली, आणि तिचे काही बरेवाईट परिणाम झाले.

जागा, वेळ आणि शेंगा

दुसरी बैठक पुरुषांची, मारुतीच्या देवळाच्या मंडपात, जाजमावर झाली, तिसरी तरुणांची. या दोन्ही बैठका पहिल्यापेक्षा चांगल्या झाल्या, पण त्यांवर इथे थांबत नाही. गळिताचा हंगाम ऐन भरात होता, पुरुष ऊसतोडीच्या आणि वाहनाच्या मागे होते, आणि निम्मे लक्ष मोबाइलवर होते. एक गोष्ट मात्र नोंदवण्याजोगी आहे. पुरुषांना पूर फूट-इंचांत आठवत होता: बंधाऱ्यावर किती झाले, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, शिवाजी पुलाला मच्छिंद्री कधी झाली, म्हणजे पाणी पुलाच्या ठरावीक खुणेला कधी लागले. बाहेरच्या जगाशी बोलण्याची ही त्यांची भाषा होती आणि तिच्यात ते पक्के होते. घरात काय चालले होते हे विचारले की ते म्हणत, ‘ते बायकास्नी विचारा.’

म्हणून चौथी बैठक स्त्रियांची ठेवली. वेळ त्यांनीच ठरवली: दुपारी दोन ते पाच, कारण पाचला धारा काढायच्या आणि दूध संस्थेत घालायचे असते. जागाही त्यांनीच सुचवली; एका जुन्या घराचा सोपा, म्हणजे दर्शनी ओसरी. एकाच घरातल्या सासू-सुना एका बैठकीत बोलवायच्या नाहीत, एवढा एकच नियम आमचा होता. जानेवारीचे दिवस होते आणि उन्हाळी भुईमुगाच्या बियाण्यासाठी शेंगा फोडायचे काम चालू होते. सात जणी सुपे घेऊन बसल्या आणि आमच्याही पुढ्यात शेंगांची ओंजळ टाकली. हातांना काम असले की नजर खाली राहते, गप्प बसण्याचे ओझे होत नाही, आणि दोन वाक्यांमधली शांतता शेंगांच्या आवाजाने भरून निघते. खुर्च्यांच्या अर्धगोलात पाच सेकंदांची शांतता मला सहन झाली नव्हती. सोप्यात दोन-दोन मिनिटे कोणी बोलले नाही तरी काही बिघडले नाही.

ध्वनिमुद्रक मधोमध न ठेवता उखळाशेजारी ठेवला, पण तो चालू आहे हे आधी सांगितले आणि प्रत्येकीची संमती घेतली. एकीने विचारले, ‘हे कुठं जाणार, म्याडम? तहसीलात?’ तहसीलात जाणार नाही, यावरून कोणाला मदत मिळणार नाही आणि मिळालेली परतही जाणार नाही, हे मी दोनदा सांगितले. मग प्रश्न विचारला, आणि या खेपेला तो नेमका ठेवला: ‘पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा तुम्ही कुठं होता, तिथनं सुरू करा आणि संपलं असं वाटेल तिथपर्यंत सांगा. मी मधे बोलणार नाही.’ पुराबद्दल सांगा म्हटले की यादी येते. गोठ्यात पाणी शिरले त्या क्षणापासून सांगा म्हटले की माणूस त्या जागी जाऊन उभा राहतो.

सत्तरीच्या एका आजींनी सुरुवात केली आणि जवळजवळ वीस मिनिटे त्या बोलल्या. त्यानंतर एका तरुण सुनेने 2019 मध्ये शाळेतल्या छावणीत का गेली नाही ते सांगितले. तिची पाळी सुरू होती, छावणीत बायकांसाठी दोनच मोऱ्या होत्या आणि त्यांच्या दाराला कडी नव्हती, असे तिने शेजारणीकडून ऐकले होते. म्हणून ती माडीवर थांबली, आणि ‘इतकं पाणी येईल वाटलं न्हाई’ असे नवऱ्याला सांगितले. प्रश्नावलीतले ते सर्वमान्य उत्तर कोणत्या गोष्टी झाकत होते, हे तिथे पहिल्यांदा उघड झाले. तिची सासू त्या सोप्यात असती तर हे ऐकायला मिळाले नसते.

नाकातली काडी

मग पन्नाशीच्या एका बाई बोलू लागल्या. त्यांना सगळ्या आक्का म्हणत, म्हणून मीही तसेच लिहिते.

आक्कांच्या गोठ्यात दोन म्हशी होत्या. ‘2019 च्या साली’ अशी त्यांनी सुरुवात केली. एक म्हैस आणि रेडकू मालकांनी ट्रॉलीतून रस्त्यालगतच्या नातेवाइकांकडे नेले. दुसरी गाभण, दिवस भरत आलेली, ती ट्रॉलीत चढेना, म्हणून पुढच्या खेपेला न्यायची ठरली. पुढची खेप झालीच नाही, कारण रस्ता पाण्याखाली गेला. रात्री पाणी परड्यातून आले आणि बघता बघता गोठ्यात चढले. शेजारच्या पोराने आक्कांना दंडाला धरून ओढत माडीवर नेले आणि पहाटे होडीतून शाळेत पोहोचवले. ‘दावं सुटलं न्हाई. लई ओढलं आसंल तिनं. मी वरनं ऐकत हुतो.’ त्यांनी हे शेंगा फोडताफोडता, आवाज न चढवता सांगितले. पुढे शाळेत नेल्यावर काय झाले ते सांगताना म्हणाल्या, ‘दारातच बसवलं आन् नाकात काडी घातली, मग आत घेतलं.’

मी दचकले. नाकात काडी घालणे म्हणजे कोरोनाची तपासणी, आणि ती 2019 मध्ये शक्यच नव्हती. 2021 च्या जुलैत दुसरी लाट कोल्हापुरातून अजून ओसरली नव्हती आणि तेव्हाच छावण्यांच्या दारात अशा तपासण्या झाल्या. म्हणजे म्हैस 2019 मध्ये नव्हे, तर 2021 मध्ये गेली होती. तपशील सांगण्याच्या सक्तीमुळे साल आपोआप बाहेर आले होते. मधे बोलणार नाही असे कबूल करूनही मी विचारले, ‘आक्का, म्हणजे हे 2021 चं ना?’

शेंगा फोडायचे थांबले. आक्का म्हणाल्या, ‘आसंल,’ आणि उठून सूप पाखडायला बाहेर गेल्या. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘सालाचं काय घिऊन बसलीस पोरी, पाणी त्येच हुतं की.’ दुसरी एक जण घाईघाईने पंचनाम्याबद्दल बोलू लागली, आणि उरलेला वेळ भिंती, पोती आणि अनुदान यांत गेला. पाच वाजायच्या आत बैठक मोडली.

त्या रात्री टिपणे करताना माझ्या सहकारिणीने जे दाखवून दिले, त्याने मला ओशाळे केले. सोप्यातल्या उरलेल्या सहाही जणी आक्कांच्या शेजारणी होत्या. म्हैस कोणत्या पुरात गेली हे त्यांच्यापैकी प्रत्येकीला ठाऊक होते, तरी एकीनेही दुरुस्ती केली नव्हती. सहा जणी काय सावरून धरत होत्या याचा मी विचारच केला नाही. मला फक्त विसंगती दिसली आणि ती पकडल्याचा आनंद झाला. गटमुलाखतीबद्दल नेहमी असे सांगितले जाते की एकाचे ऐकून दुसऱ्याला आठवते. ते खरे आहे. पण काय आठवू द्यायचे नाही हेही गटाला कळत असते, आणि ते न बोललेले सामंजस्य बैठकीतले सर्वांत मोलाचे ज्ञान असू शकते.

इटलीतल्या तेर्नी या पोलादनगरीत मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांना असाच अनुभव आला होता. लुइजी त्रास्तुल्ली हा 21 वर्षांचा कामगार 1949 मध्ये नाटो कराराच्या विरोधातील निदर्शनात पोलिसांच्या हातून मारला गेला. पण गावातले अनेक कामगार तो मृत्यू 1953 मधला म्हणून सांगत, जेव्हा कारखान्यातून मोठी कामगारकपात झाली आणि रस्त्यावर संघर्ष पेटला. पोर्तेल्लींनी ती चूक म्हणून टाकून दिली नाही. अनुत्तरित राहिलेला मृत्यू प्रतिकाराच्या वर्षात हलवल्याने त्याला अर्थ मिळत होता, असे त्यांनी दाखवले. हे मी अनेकदा वाचले होते आणि विद्यार्थ्यांना सांगितलेही होते. सोप्यात मात्र ते मला आठवले नाही.

पाचवी बैठक

त्यानंतर दोन आठवडे आम्ही गावात कामासाठी गेलो नाही. मधल्या काळात एकदाच गेलो, तेही आजींकडे चहाला, ध्वनिमुद्रक न घेता. माझी चूक झाली असे मी त्यांना सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, ‘परत या. शेंगा आजून हाईत.’

पाचव्या बैठकीला त्याच सात जणी आल्या. मी कोणाचेही नाव घेऊन विचारले नाही. ‘मागच्या वेळी राहिलेलं कुणाला सांगायचं असेल तर सांगा’ एवढेच म्हटले. एक जण, जी चौथ्या बैठकीत जवळजवळ गप्पच होती, तिने स्वतःची गोष्ट काढली. पाणी चढू लागताच तिने आपली म्हैस सोडून दिली होती. जनावराला पोहता येते, ते आपली वाट आपण काढते, असे तिच्या सासऱ्याने शिकवले होते. म्हैस निघाली, ओढ्याच्या तोंडाला पाण्याची ओढ होती, तिथे फिरली आणि गेली. ‘मी सोडली. बांधून ठेवली आसती तर माडीच्या जिन्याला टेकून जगली आसती, आसं आजून वाटतं.’

बराच वेळ फक्त शेंगांचा आवाज येत होता. मग आक्का, मान खाली ठेवूनच, म्हणाल्या, ‘म्या सोडलं न्हाई. दावं. म्या सोडलं न्हाई.’

त्यानंतर त्यांनी जे सांगितले ते तुकड्यातुकड्यांत आले. 2019 मध्ये त्यांनी म्हैस दाव्याला बांधून ठेवली होती. पाणी तिच्या छातीला लागून थांबले आणि म्हैस वाचली. गाव तेव्हा त्यांना शहाणी म्हणाले होते. 2021 मध्ये मालक जाताना बजावून गेले होते की पाणी गोठ्यात आले तर सोड. पाणी आले, त्या दाव्यापाशी गेल्या, आणि गाभण जनावर पाण्यात टाकायचे कसे, मागच्यासारखेच थांबेल, असा विचार करून त्यांनी हात मागे घेतला. या खेपेला पाणी एका रात्रीत चढले आणि थांबले नाही.

त्यांच्या दोन बैठकांतली दोन वाक्ये आम्ही शेजारी शेजारी लिहून ठेवली. पहिल्या वाक्यात दावे सुटत नाही. दुसऱ्यात ते सोडले जात नाही. मराठीत या दोन क्रियापदांमध्ये एका स्वराचा आणि एका व्यंजनाचा फरक आहे, पण पहिल्यात दोष दाव्याचा आहे आणि दुसऱ्यात निर्णय आक्कांचा. सालाचाही उलगडा तिथेच झाला. 2019 मध्ये कोणालाच काही ठाऊक नव्हते. त्या वर्षी जे गेले, ते पाण्याने नेले. 2021 मध्ये मात्र अनुभव होता, सूचना होती, मालकांचा शब्द होता. म्हैस 2019 मध्ये गेली असे सांगितले की ती पाण्याने नेलेली ठरते. शेजारणींना हे समजत होते, म्हणून त्या गप्प होत्या.

आणि त्यांना ‘मी’पर्यंत आणणारा माझा प्रश्न नव्हता. जिने उलटे केले होते आणि तरीही जनावर गमावले होते, त्या शेजारणीची हकीकत होती ती. एकट्या आक्कांची मुलाखत घेतली असती तर हे कळले असते का? मला तसे वाटत नाही. सोडली तरी गेली आणि बांधली तरी गेली, हे समोरासमोर ठेवायला दोघी लागत होत्या.

उतारा आणि बोभाटा

ध्वनिमुद्रण कागदावर उतरवण्याचे काम आम्ही बाहेरगावच्या एका विद्यार्थिनीला दिले होते. तिने मेहनतीने काम केले, पण ‘मी ऐकत हुतो’ याचे ‘मी ऐकत होते’ केले, ‘म्या’चे ‘मी’ केले, आणि आजींच्या ‘आन् मग’च्या साखळ्या तोडून पूर्णविराम दिले. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, हे तिला चूक वाटले. सगळा उतारा आम्ही पुन्हा केला. त्यासाठी तीन आठवडे गेले. बोलणाऱ्या बाईच्या तोंडचे क्रियापद दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्याला नाही, आणि या कामात तर सगळा उलगडाच क्रियापदांत होता.

दुसरी अडचण गंभीर होती. गटात बोललेले गटातच राहील, असे सर्व जणींनी कबूल केले होते; पण सात घरांच्या सात जणी जिथे बसतात तिथले बोलणे भिंतीआड राहत नाही. दहा दिवसांत आक्कांच्या दिरापर्यंत गोष्ट पोहोचली आणि घरात बोलाचाली झाली. गुप्ततेची हमी मी माझ्यापुरती देऊ शकत होते, गटाच्या वतीने नाही. तरी बैठकीच्या सुरुवातीला मी ‘हे बाहेर जाणार नाही’ असेच म्हटले होते. सहाव्या बैठकीपासून मी वाक्य बदलले: ‘माझ्याकडून बाहेर जाणार नाही, पण इथं बसलेल्यांचं मी सांगू शकत नाही; तेवढं धरून बोला.’ शेतमजूर कुटुंबांच्या त्या बैठकीत, कदाचित याच वाक्यामुळे, सुरुवातीला बोलणे बेताचे झाले. तरी ते वाक्य मी पुन्हा गाळणार नाही. त्या कुटुंबांकडे जनावरे नव्हती, आणि त्यांच्या न हलण्याची कारणे इतकी वेगळी होती की त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे.

तरुणांना आम्ही निष्कर्षांचे टिपण दिले, त्यात कोणाचीही गोष्ट ओळखू येईल अशी नव्हती. गावभर भोंगे बसवायचे, अशी त्यांची मूळ योजना होती. सूचना कमी पडली नव्हती. घर हलत नव्हते ते गोठ्यामुळे, मोरीच्या कडीमुळे आणि 2021 मध्ये तपासणीच्या धास्तीमुळे, हे त्यांना पटले. त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाला गावातल्या गाभण जनावरांची यादी करायची आणि बंधाऱ्यावर 39 फुटांची पातळी होण्याआधीच ती ट्रॉलीतून उंचावर हलवायची ठरवले. माणसांच्या छावणीआधी जनावरांच्या जागेची आणि वैरणीची सोय पाहायची, असेही ठरले. शाळेतल्या मोऱ्यांच्या दारांना कड्या तर त्यांनी त्याच महिन्यात बसवल्या.

उतारा पूर्ण झाल्यावर मी तो घेऊन प्रत्येकीच्या घरी गेले आणि तिचा भाग तिला वाचून दाखवला. काय ठेवायचे आणि काय काढायचे हे तिने सांगायचे, असे ठरले होते. आक्कांनी सगळे ऐकून घेतले. एक तपशील काढायला सांगितला, तो काढला. ‘म्या सोडलं न्हाई’ हे वाक्य राहू द्यायचे का, असे मी विचारले, तेव्हा त्या ‘ऱ्हाऊ दे’ म्हणाल्या. मग मी सुरुवातीच्या ‘2019 च्या साली’ या शब्दांवर बोट ठेवले आणि गप्प राहिले. त्या थोडा वेळ अंगणातल्या रिकाम्या खुंट्याकडे पाहत बसल्या.

‘साल त्येच लिही, बाळ,’ त्या म्हणाल्या.

गावाच्या नोंदवहीत ती म्हैस जुलै 2021 च्या नुकसानीत आहे. आमच्या उताऱ्यात आक्कांची हकीकत 2019 पासूनच सुरू होते.